हरलेल्या घराण्याची बखर

दिवाळीत आमच्या पिंपळनेरच्या पेठेत लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी चोपडी मांडतात. तिच्यात एका अंगाला जमा लिहायची आणि दुसऱ्या अंगाला नावे. नुसती जमा लिहून नावे लपविणाऱ्याचे दुकान फार दिवस चालत नाही, हे दुकानात झाडलोट करणाऱ्या पोरालाही कळते. घराण्याचा इतिहास लिहिताना मात्र आपण हा साधा हिशेब विसरतो. तेथे सगळी जमाच जमा. मूळपुरुष पराक्रमी, त्याचा मुलगा दानशूर, नातू देवभक्त. पराभव झालाच असेल तर तो दुसऱ्याच्या फितुरीने, आणि भाऊबंदकी झालीच असेल तर ती धाकट्या पातीने केलेली. असे इतिहास आपल्याकडे पुष्कळ छापले जातात, कुळाच्या मेळाव्यात वाटले जातात, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातात. ते माळ्यावर का जातात, हा ह्या लेखाचा विषय आहे.

विषय सुचला तो माझ्याच एका चुकीतून. काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागातले एक वयोवृद्ध गृहस्थ पत्र्याची पेटी घेऊन माझ्या ओसरीवर आले. त्यांना आपण नुसते आप्पा म्हणू. मी मुलांना शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, एवढ्या भांडवलावर त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविले. पेटीत मोडी कागद होते. मला मोडी धड येत नाही. धुळ्याच्या एका जाणत्या माणसाकडून ते वाचवून घेतले. बहुतेक कागद साऱ्याचे आणि वसुलीचे. एक मात्र निराळा निघाला. दोघा भावांत पाटीलकीवरून तंटा झाला, थोरल्याने देवळात बेलभंडार उचलून खोटी शपथ घेतली, आणि धाकटा बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेला. शपथ खोटी होती हे त्या थोरल्यानेच म्हातारपणी लिहून ठेवले होते.

मी हरखून गेलो. साऱ्या पेटीत जिवंत माणूस काय तो ह्या एका कागदात होता. आप्पांना वाचून दाखविला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, हे एवढं पान राहू द्या. पोरंसोरं वाचतील." मी ते राहू दिले. पुस्तिका छापून झाली, मला शाल-श्रीफळ मिळाले. पुढे दोनेक महिन्यांनी एक तरुण दारात उभा राहिला. त्या धाकट्याच्या वंशातला. पुस्तिका हातात धरून म्हणाला, "गुरुजी, ह्यात आम्ही कुठं आहोत?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून घराण्यांचे इतिहास वाचताना मी आधी हे पाहतो की, त्यातले कोणते पान 'राहू दिलेले' आहे.

०

घराण्याचा इतिहास हा आपल्याकडचा जुना वाङ्मयप्रकार आहे. आमच्या खानदेशात भाट वही घेऊन दारोदार येतात आणि सात-सात पिढ्यांची नावे धडाधड वाचतात. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पणजोबाच्या सहीखाली आपण सही करतो. त्यापुढची पायरी कैफियतींची आणि बखरींची. आणि विसाव्या शतकात छापील कुलवृत्तांतांची. ह्या साऱ्यांत मोलाची माहिती असते, ह्यात शंका नाही. पण त्यांतला बराचसा मजकूर कशासाठी लिहिला गेला, हे ध्यानात ठेवावयास हवे. कैफियत म्हणजे सरकारपुढे मांडलेले म्हणणे. वतन आपले, मान आपला, पहिला विडा आपला, हे सिद्ध करण्यासाठी ती लिहावयाची. वादीने लिहिलेल्या कागदात प्रतिवादीची बाजू शोधू गेल्यास ती कशी सापडावी?

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. जपानात सामुराई म्हणजे लढवय्यांचा वर्ग, आपल्याकडच्या सरदार-शिलेदारांसारखा. सतराव्या शतकात तोकुगावा घराण्याच्या हाती सारी सत्ता आल्यावर १६४१ ते १६४३ ह्या काळात सरकारने लहानमोठ्या सामुराई घराण्यांकडून वंशावळी मागवून त्यांचा ग्रंथ करविला. घराण्यांनी आपापल्या वंशावळी दिल्या, आणि त्यांत अनेकांचे पूर्वज एकाएकी फार थोर निघाले. तोकुगावांनी स्वतःचे मूळ मिनामोतो ह्या प्राचीन कुळापर्यंत नेले होते. मग खालच्यांनी मागे का राहावे? दरबारात मान मिळवावयाचा असला म्हणजे खापरपणजोबा थोर निघतातच, मग तो दरबार साताऱ्याचा असो की एदोचा.

ह्या रोगावर आपल्याकडे औषध शोधले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी. बखरींतील चुका त्यांनी निष्ठुरपणे दाखविल्या आणि मूळ पत्रांसाठी गावोगाव पायपीट केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यांचा अखेरचा काळ आमच्या धुळ्यात गेला आणि १९२६ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात गेले म्हणजे बांधलेले रुमाल पाहून ऊर दडपतो. पण राजवाड्यांच्या औषधाने बखर खोटी कोठे आहे हे कळते. बखर चांगली कशी लिहावी हे कळत नाही. घराण्याची गोष्ट सांगणारा कोणी तरी लागतोच. त्याने ती कशी सांगावी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

०

उदाहरणाला एक खरे घराणे घेऊ. पिंपळनेरहून उत्तरेला निघाले की दहिवेलजवळ धुळे-सुरत महामार्ग लागतो. तो कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरवरून सोनगडला जातो. मोगलाईत सुरतेचा माल बऱ्हाणपुराकडे खानदेशातूनच जाई. ह्या वाटेवर अठराव्या शतकाच्या आरंभी तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी आपली ठाणी बसविली. जाणाऱ्या मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, न देणाऱ्याचा तांडा लुटावयाचा, असा त्यांचा खाक्या होता. सय्यद हुसेन अलीने त्यांच्यावर झुल्फिकार बेग नावाच्या सरदाराला आठ हजार फौजेनिशी पाठविले. खंडेरावांनी त्याला डोंगरांत ओढून नेऊन फौजेसह बुडविले. पुढे १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले.

हे घराणे साधे नव्हे. खंडेरावांचे वडील येसाजी राजाराम महाराजांबरोबर जिंजीच्या वाटेवर होते. खंडेरावांच्या पदरी दमाजी गायकवाड होते; त्यांचे पुतणे पिलाजी ह्यांनी १७१९ साली सोनगड घेऊन, भिल्ल-कोळ्यांना हाताशी धरून गुजरातेत पाय रोवले. खंडेरावांची पत्नी उमाबाई ही तर आमच्या शेजारची लेक. कळवण तालुक्यातल्या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या घरची. १७२९ साली खंडेराव वारले आणि त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव सेनापती झाले.

गुजरातची चौथाई कोणाची, ह्यावरून सेनापती आणि पेशवा बाजीराव ह्यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांच्या बाजूचे म्हणणे असे की, त्रिंबकराव निजामाशी संधान बांधून होते. दाभाड्यांच्या बाजूचे म्हणणे असे की, छत्रपतींची सत्ता पेशव्यांच्या हातून सोडवावयास ते निघाले होते. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोन मराठी फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. दाभाड्यांची फौज मोठी होती, पण ती फुटली. आमच्या खानदेशाशी नाते असलेले कंठाजी कदमबांडे रणातून निघून गेले. पिलाजींचा थोरला मुलगा सयाजी मारला गेला, पिलाजी जखमी होऊन निसटले, आणि सेनापती त्रिंबकराव हत्तीवरच ठार झाले.

आता ही घटना कशी सांगितली गेली ते पाहा. ग्रांट डफचा इतिहास १८२६ साली निघाला. डफ स्वतः शिपाईगडी. त्याच्या वर्णनात त्रिंबकरावांनी आपल्या हत्तीचे पाय साखळदंडाने बांधविले, म्हणजे माघारच नको. आणि धनुष्य ओढीत असता कोणाची तरी भिरभिरत आलेली गोळी त्यांना लागली. दुसऱ्या एका परंपरेत ती गोळी भिरभिरत आलेली नाही. ती त्रिंबकरावांचेच मामा भावसिंग ठोके ह्यांनी झाडली, असे सांगतात. तिसरी गोष्ट समेटाची. शाहू महाराज बाजीरावांना घेऊन तळेगावला गेले, उमाबाईंच्या पायांवर त्यांना घातले आणि सूड किंवा क्षमा त्यांच्याच हाती सोपविली, अशी ती कथा.

ह्यांतले खरे कोणते, हे ठरविणे इतिहाससंशोधकांचे काम. टीकाकाराने पाहावयाचे ते हे की, प्रत्येक गोष्ट कोणाच्या सोयीची आहे. मामाच्या गोळीची कथा घ्या. ती दोन्ही पक्षांच्या सोयीची! पेशव्यांच्या हातून सेनापतीचा वध झाला हा डाग तिने धुतला जातो. दाभाड्यांचा सेनापती शत्रूकडून हरला नाही, घरच्या दग्याने पडला, हा मानही राखला जातो. म्हणजे 'पराभव झालाच तर फितुरीने' हा आमच्या आप्पांचा नियमच येथे आहे. ह्या सोयीची किंमत मात्र एकाच माणसाने द्यावयाची. नवरा गेलेली, मुलगा गेलेली, आणि आता माहेरच गुन्हेगार ठरलेली उमाबाई. ही कथा सांगताना तिच्या तोंडाकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. समेटाच्या कथेतही तसेच. बाजीराव वाकले, शाहू महाराज मोठे ठरले. बाईंनी काय म्हणावे हे गृहीतच धरलेले.

गो. स. सरदेसायांची 'मराठी रियासत' हा तर आपला महाग्रंथ. तिच्यावाचून आपल्यापैकी कोणाचेच चालत नाही. पण तिची नजर राज्याची आहे. मराठी राज्य वाढावयाचे तर बाजीरावांना वाट मोकळी हवी होती, आणि दाभाडे त्या वाटेत होते. तेव्हा त्यांचे दुःख त्या वाटेच्या कडेला राहून जाते. विशेष असे की, सरदेसायांनी आपली उमेद बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत घालविली, आणि बडोद्याचे गायकवाड हे मुळात दाभाड्यांच्या पदरचे! धन्याचे घर बसले आणि चाकराचे उभे राहिले. ते सयाजीरावही १८७५ साली दत्तक जाण्यापूर्वी मालेगावजवळच्या कवळाण्याचे एक शेतकरी पोर होते. इतिहास अशी वळणे घेतो. घराण्याचा स्तुतिपाठक मात्र सरळ रेघ मारीत बसतो.

०

मग हरलेल्या घराण्याची गोष्ट सांगावी तरी कशी? ह्या प्रश्नाला मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर जपानी आहे. 'हेइके मोनोगातारी' म्हणजे ताइरा कुळाची कथा. हेइके हे त्या कुळाचेच दुसरे नाव. रॉयल टायलर ह्यांचे इंग्रजी भाषांतर २०१२ साली निघाले. ते मी शब्दकोश उशाशी घेऊन, दोन पावसाळे लावून वाचले.

कथा अशी. बाराव्या शतकात ताइरा कुळाचा प्रमुख कियोमोरी राजधानीत सर्वसत्ताधीश झाला. त्याची मुलगी सम्राटाची राणी, नातू आंतोकु बालसम्राट. मिनामोतो ह्या प्रतिस्पर्धी कुळाचा त्याने पाडाव केला तेव्हा सावत्र आईच्या रदबदलीवरून योरितोमो नावाच्या एका मुलाला जीवदान दिले. वीस वर्षांनी तोच योरितोमो उठला. ११८५ साली दान-नो-उरा येथे समुद्रावर शेवटची लढाई झाली. सारे संपले हे पाहून कियोमोरीच्या विधवेने आठ वर्षांचे (जपानी गणतीने) नातवंड कडेवर घेतले आणि समुद्रात उडी टाकली. बालसम्राट बुडाला, कूळ बुडाले. त्या किनाऱ्यावर माणसाच्या रागीट चेहऱ्यासारखी पाठ असलेले खेकडे सापडतात. ते बुडालेले ताइरा वीर आहेत असे कोळी सांगतात.

जिंकले मिनामोतो, कथा मात्र हरलेल्यांची झाली. आंधळे भिक्षू बिवा नावाचे तंतुवाद्य वाजवीत ती गावोगाव गात. आपले शाहीर डफ-तुणतुण्यावर पोवाडा गातात, तोच प्रकार. काकुइची नावाच्या अशाच एका गायकाने १३७१ साली जी संहिता सांगून उतरवून घेतली, तीच पुढे प्रमाण ठरली. ऐकणाऱ्यांत जेत्यांचे वंशज असत, आणि त्यांचेही डोळे भरत.

हे कसे साधले? माझ्या समजुतीने तीन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट, ही कथा ताइरांचे दोष लपवीत नाही. कियोमोरीचा ताठा, त्याचा अन्याय, त्याच्या माणसांचा माज, हे सारे तिच्यात उघडे मांडले आहे. तो तापाने फणफणून मरतो तेव्हाही कथाकार त्याला संत करीत नाही. घर पडले ते परक्याच्या दग्याने नव्हे, आपल्याच कर्माने, एवढे सांगून झाल्यावर मग तो रडतो. म्हणून त्याचे रडणे खरे वाटते.

दुसरी गोष्ट, शत्रूलाही तिच्यात माणूसपण आहे. इचि-नो-तानीच्या लढाईत मिनामोतो पक्षाचा कुमागाई नावाचा राकट योद्धा किनाऱ्यावर एका शत्रुवीराला खाली पाडतो. शिरस्त्राण काढून पाहतो तो सोळा-सतरा वर्षांचा पोर, ताइरा अत्सुमोरी. आपल्या मुलाच्याच वयाचा. सोडावे म्हणतो, तो मागून आपलेच लोक येताना दिसतात. दुसऱ्याच्या हातून मरण्यापेक्षा माझ्या हातून मरू दे, मी तुझ्यासाठी प्रार्थना तरी करीन, अशा विचाराने रडत रडत तो त्याचे शिर कापतो. मग पोराच्या कमरेला बासरी सापडते. पहाटे शत्रूच्या छावणीतून जे सूर ऐकू आले होते ते ह्याचे! पुढे कुमागाई शस्त्र टाकून भिक्षू झाला. डभईच्या रणातही अशी पोरे असतील. पण पिलाजींचा सयाजी किती वर्षांचा होता, त्याच्या कमरेला काय होते, हे आमच्या एकाही बखरकाराला विचारावेसे वाटले नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ही कथा लढाईपाशी संपत नाही. शेवटच्या भागात तिने आपल्याला एका डोंगरातल्या मोडक्या मठीत नेले आहे. बालसम्राटाची आई, कियोमोरीची मुलगी, समुद्रातून ओढून काढली गेली म्हणून जगलेली. ती आता केस कापून तेथे राहते. निवृत्त सम्राट तिला भेटावयास येतो. ती डोंगरातून फुले तोडून उतरत असते. मग बसून ती आपला सारा जन्म सांगते. घराण्याची शेवटची साक्षीदार ही मागे राहिलेली बाई आहे, आणि शेवटचा शब्द कथाकाराने तिला दिला आहे.

ह्या ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. सारे काही नश्वर आहे हा उपदेश तो इतक्या वेळा करतो की आमच्या कीर्तनकारांनाही थकवा यावा. खालच्या माणसांची, घोडे हाकणाऱ्यांची आणि वल्ही मारणाऱ्यांची, नावे त्यात थोडी. आणि मिनामोतोंचे पुढे काय झाले, हे त्याने आणखी स्पष्ट सांगावयास हवे होते. योरितोमोने आपल्या पराक्रमी भावाला, योशित्सुनेला, मरेपर्यंत छळले. १२१९ साली ह्या कुळाचा तिसरा शोगुन मारला गेला आणि सत्ता त्याच्या आजोळच्या होजो घराण्याकडे गेली. जिंकलेल्याचे घरही चौतीस वर्षांत रिकामे झाले.

०

आपल्याकडे असे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'भाऊसाहेबांची बखर' आहे. पानिपत १७६१ साली झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कृष्णाजी शामरावांनी ती लिहिली. इतिहास म्हणून तीत चुका पुष्कळ; पण मराठी गद्यात इतके तापलेले, इतके पाण्याने भरलेले पान आजही दुर्मीळ. ती मोठी झाली ती विजयामुळे नव्हे. आपल्या सरदारांच्या आपसांतल्या चुरशी, वडीलधाऱ्यांचे न ऐकलेले सल्ले, बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी शिंदे, हे सारे तिने नावे टाकले म्हणून ती मोठी. रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि घराघरांत वाचली गेली. तिच्यातही मला धरून ठेवतात ते माधवराव-राघोबांचे, पुतण्या-चुलत्यांचे, एकाच छपराखालचे झगडे. फौजांच्या हालचाली नव्हेत. म्हणजे आपल्या लेखकांना ही विद्या येते. ती पेशव्यांच्या घरासाठी वापरली गेली. इतर घरांसाठी फारशी नाही.

दाभाड्यांच्या घराची शेवटची साक्षीदार कोण, हे आता सांगावयास नको. १७३२ साली डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून झाला, त्यानंतर उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे दिल्याची कथा सांगतात. शाळेत हीच कथा आम्ही रंगवून सांगतो आणि येथेच थांबतो. पण बाईंचे आयुष्य येथे थांबले नाही. १७५० साली त्यांनी ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभे राहण्याचे ठरविले. त्यांच्या वतीने दुसरे दमाजी, पिलाजींचे चिरंजीव, गुजरातेतून साताऱ्यापर्यंत आले आणि १७५१ साली कैद झाले. दाभाडे मंडळीही पेशव्यांच्या हाती सापडली. दमाजींनी पुढे अर्धी गुजरात देऊन पेशव्यांशी परस्पर तह केला आणि स्वतःचे राज्य उभारले. धनीण बाजूलाच राहिली. १७५३ साली पुण्यात उमाबाई वारल्या. नवरा, मुलगा, दौलत, चाकर, सारे हातचे गेल्यावर त्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या मनात काय असेल? मठीतल्या त्या जपानी राणीला जे पान मिळाले ते आमच्या उमाबाईंना अजून मिळावयाचे आहे. ते लिहिताना खानदेशच्या वाटेवर लुटलेले तांडे नावे टाकावे लागतील, दाभाड्यांनी निजामाशी काय बोलणे केले तेही निर्भीडपणे पाहावे लागेल. तरच ते पान खरे होईल.

आणि जमेला काय राहील? फौज राहिली नाही, ठाणी राहिली नाहीत. राहिल्या त्या दोन गोष्टी, आणि दोन्ही लढाईबाहेरच्या. एक म्हणजे दक्षिणा. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा खंडेराव दाभाड्यांची. डभईनंतर पेशव्यांनी ती आपल्याकडे घेतली आणि पुण्यात फार वाढविली. इंग्रजी अमलात त्याच पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे लोकहितवादींसारख्यांनी अर्ज करून त्यातला भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळविला. जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक ह्याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले आणि ते नाकारले गेले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पाहा, एका हरलेल्या सेनापतीच्या घरची श्रावणातली चाल फिरत फिरत मराठी लेखकाच्या दारापर्यंत आली. आणि ज्याला ती मिळावयास हवी होती त्याच्या दारावरून परतही गेली! हा घराण्याचा इतिहासच आहे, फक्त तो वंशावळीत बसत नाही.

दुसरी गोष्ट सप्तशृंगगडाच्या पायऱ्या. त्या उमाबाईंनी बांधविल्या. चैत्रात आमच्या भागातले लोक पायी गडावर जातात. २०१८ पासून वर जायला ट्रॉली झाली आहे, पण नवस बोललेले अजून पायऱ्यांनीच चढतात. एका चैत्रात माझ्याबरोबर चढणाऱ्या एका म्हातारीने धाप टाकीत विचारले होते, "गुर्जी, ह्या पायऱ्या कोनी बांध्यात?" मी म्हणालो, "उमाबाई दाभाड्यांनी. ह्या डोंगरापलीकडच्या अभोण्याची लेक." म्हातारीने वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळी नेला. डभई कोणी जिंकली हे तिला ठाऊक नव्हते.

आप्पा आता नाहीत. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या मुलाकडे गेलो, सारे सांगितले, आणि परवानगी मागितली. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हटले. बेलभंडाराचा तो कागद मी माझ्या हाताने स्वच्छ अक्षरात उतरविला, त्याच्या प्रती काढल्या, आणि उरलेल्या पुस्तिकांत शेवटच्या पानाला खळीने चिकटविल्या. धाकट्याच्या वंशातील त्या तरुणाला एक प्रत पोहोचती केली. त्याने शेवटचे पान उभ्या उभ्याच वाचले. काही बोलला नाही. जाताना मात्र पुस्तिका पिशवीत न ठेवता हातात धरून गेला.